‘हूणांची नाणी’ म्हणून गळ्यात मारलेले गधिया

जुन्या नाण्यांच्या एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने मला पश्चिम भारतातल्या गधिया नावाच्या जुन्या नाण्यांची पुडी ‘हूणांच्या काळातली, पंधराशे वर्षांपूर्वीची’ म्हणून विकली. त्यातली काही निघाली पाच-सहाशे वर्षांनी अलीकडची, बाकीची तर हल्लीच ओतलेली. तो गृहस्थ अजून प्रदर्शनं फिरतोय, म्हणून हे लिहितोय.

त्याचं बोलणं ऐकणाऱ्याला पटतं. “साहेब, चेहरा बघा, नुसत्या रेघा आणि ठिपके. इतकं ओबडधोबड म्हणजे किती जुनं असेल!” या नाण्यांचं गणित नेमकं उलटं आहे. इराणच्या सासानी घराण्याचा राजा पेरोझ ४८४ मध्ये मध्य आशियातल्या हूणांशी लढताना मारला गेला. त्याची चांदीची नाणी हूणांबरोबर इकडे आली आणि पुढे गुजरात, राजस्थान, माळव्यात त्यांच्या नकला पाडल्या जाऊ लागल्या, तेच हे गधिया. मूळ नाणं पातळ आणि पसरट, साधारण ४ ग्रॅमचं, अडीच सेंटिमीटरहून रुंद. एका अंगाला मुकुटधारी राजा, दुसऱ्या अंगाला अग्निवेदी आणि दोन बाजूंना सेवक. नकलेची नक्कल होत गेली तसं वजन जवळपास तेवढंच राहिलं, पण नाणं आकसून जाड झालं, चांदी घटली, तांबं वाढलं. वेदीच्या जागी रेघा-ठिपक्यांची उतरंड उरली. दीड सेंटिमीटरची ती जाड चकती अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासची. ती खोटी मुळीच नाही, त्या काळचं चालतं नाणं आहे. पण हे नाणं भरपूर मिळतं आणि भावही बेताचाच असतो. म्हणून तर त्याला हूण करायचं!

ओतीव, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतलेल्या नाण्यांचं मात्र वेगळं; खरी नाणी ठशाने ठोकून पाडली जात. दोन नाण्यांच्या कडेला एकाच जागी, एकाच वळणाची चीर होती. एका ठशाने पाडलेल्या दोन नाण्यांवर चित्र सारखं येईल. चीर प्रत्येक चकतीची स्वतःची असते. ती जुळली की एका खऱ्या नाण्यावरून साचा घेतलाय, हे नक्की. भिंगाखाली ठिपक्यांच्या मधे सुईच्या टोकाएवढी भोकंही दिसली, ओतताना हवा अडकून राहिलेली. घनता काढून इथे फारसं हाती लागत नाही, कारण उशिराच्या खऱ्या गधियातही तांबं भरपूर असतं.

“शेतात हंडा सापडला” हेही तो कानाशी येऊन सांगतो. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं असं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, त्यामुळे गोष्ट खरी असली तर प्रकरण आणखीच गंभीर.

पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं, “जुनी म्हणालो होतो, जुनीच आहेत.” बिलावर त्याने ‘जुनी नाणी’ एवढंच लिहिलं होतं. नाण्याचा प्रकार, शतक, वजन आणि ‘अस्सल नसल्यास परत घेऊ’ हे शब्द बिलावर लिहून मागा. तो टाळाटाळ करू लागला तर पुडी तिथेच ठेवा.