गुळवेलीची पूड नको, काड्या घ्या (रविवार पेठ, काष्ठौषधीचं दुकान)

आईच्या बोटांची सांधेदुखी सुरू झाली तेव्हा वैद्यांनी गुळवेल-सुंठीचा काढा सांगितला, तर मी आधी ऑनलाइन पूड मागवली. पैसे वाया. पाकिटावर नुसतं गिलोय (गुळवेलीचं हिंदी नाव) पावडर लिहिलेलं, वनस्पतीचं शास्त्रीय नाव नाही, बॅच नंबर नाही, आणि चिमूटभर जिभेवर ठेवली तर कडूच लागेना. गुळवेल आणि कडू नाही, असं कसं होईल?

मग रविवार पेठेत काष्ठौषधीवाल्याकडनं काड्या आणल्या, पाव किलो 90 रुपये. बोटभर जाड तुकडे, वरचं साल कागदासारखं पातळ, नखाने निघतं, आणि कापलेल्या टोकाकडे बघितलं की गाडीच्या चाकासारखे आरे स्पष्ट दिसतात. पुडीत हे काहीच कळत नाही म्हणून काड्याच घ्या. काढा असा कडू की अर्धा तास चव जात नाही.

गुळवेलीवर आपल्याकडे खरं काम झालंय हे मला माहीतच नव्हतं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी अडथळ्याच्या काविळीच्या (पित्ताची वाट अडल्याने होणारी) ऑपरेशनआधी पेशंटना गुळवेल देऊन बघितली, 1993 मध्ये पेपर आला, आणि गुळवेल दिलेल्यांपैकी जास्त पेशंट ऑपरेशननंतर वाचले. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तिच्यातनं अरॅबिनोगॅलॅक्टन ही मोठी साखर वेगळी काढली, ती प्रतिकारशक्तीच्या पेशींना जागं करते. उंदरांमधे सूज उतरल्याचेही प्रयोग आहेत, पण म्हणून माणसाचा संधिवात बरा होतो असं मी म्हणणार नाही. आईला सकाळी बोटं वळवायला जरा सोपं जातंय, गोळ्या चालूच आहेत.

पण हे जागं करणंच काहींना बाधतं, आणि हे प्रत्येक दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगायला पाहिजे. कोविडमधे 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेले 6 पेशंट लिव्हरला इजा होऊन आलेले दिसले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की वेल नीट ओळखलेली नाही, खऱ्या गुळवेलीऐवजी (टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) तिची दिसायला तशीच बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. पण नंतर 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांतल्या गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झालेल्या 43 पेशंटचा अभ्यास आला, म्हणजे सगळा दोष ओळखीतल्या चुकीवर ढकलता येत नाही. माझ्या मावशीला हाशिमोटो थायरॉईड आहे (यात प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉईडवर उलटते, म्हणजे ऑटोइम्युन त्रास), तिने मागितली तर मी दिली नाही, डॉक्टरांना विचार म्हटलं. लिव्हरचा किंवा ऑटोइम्युन त्रास असेल तर तुम्हीही विचारा, आणि रोज महिनोन्‌महिने घेत बसू नका.

दुकानाला 4 स्टार. मी विचारल्यावर काकांनी पेनाने पिशवीवर "कडुनिंबावरची" (म्हणजे कडुनिंबाच्या झाडावर चढलेली वेल) लिहून दिलं, पण काड्या कधी तोडल्या ते नाही सांगू शकले. पावसाळ्यात बुरशी धरते, आणल्या आणल्या ऊन दाखवून काचेच्या बरणीत ठेवा.