काळ्या क्रोमचं सोलर पॅनेल: घ्यावं असंच

आंघोळीचं पाणी तापवायला सोलर घ्यायचं होतं, पण साताऱ्यात आमच्या गच्चीवर माकडं फार, म्हणून काचेच्या नळ्यांचं नकोच होतं. तांब्याच्या सपाट पत्र्याचं, म्हणजे फ्लॅट प्लेट पॅनेल घेतलं. खरी करामत त्याच्या काळ्या लेपात आहे: तांब्यावर निकेल, त्यावर काळं क्रोम, दोन्ही विजेच्या मुलाम्याने चढवलेलं. साधा काळा रंगही सुमारे ९५ टक्के ऊन शोषतो, पण तापला की तीच उष्णता बाहेर टाकतो. त्याचं उत्सर्जन, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याचं प्रमाण, १ पैकी ०.९ च्या आसपास, काळ्या क्रोमचं जेमतेम ०.१. डिसेंबरच्या गार वाऱ्यातही सासूबाईंना आंघोळीला कढत पाणी मिळतं. दुकानदार फक्त टाकीच्या लिटरवर बोलतात. लेप कोणता, हे आवर्जून विचारा. रंग मारलेलं पॅनेल स्वस्त मिळालं तरी मी घेणार नाही. भर पावसाळ्यात मात्र गीझर लागतोच.