बीएसए एम-२० ची मागची सीट: आठ महिने वापरल्यावर

बीएसए एम-२० म्हणजे दुसऱ्या महायुद्धात लष्कराने वापरलेली ब्रिटिश मोटारसायकल. दसऱ्याला माझ्या गाडीची पूजा केली तेव्हा मागची सीट नुकतीच बसवली होती. त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. मग त्रिपुरी पौर्णिमेला दोघं रामटेकच्या यात्रेला निघालो. कन्हानचा पूल ओलांडला आणि बायको म्हणाली, "अहो, खालून काहीतरी कटकट वाजून राह्यलं." मनसरला थांबून पाहिलं, तर मागच्या मडगार्डला, सीटच्या बोल्टच्या भोकापासून बोटभर तडा गेलेला. महायुद्धाच्या काळातला मूळ पत्रा, तीन वर्षं शोधून मिळवलेला. तो माझ्या हातून फाटला, याचं दुःख अजून गेलेलं नाही.

ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांना ४९६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, पुढचा गर्डर फोर्क, मागची रिजिड फ्रेम हे सांगायला नको. पण मागे माणूस बसवताना रिजिड म्हणजे काय, ते मला तेव्हाच कळलं. चालवणाऱ्याच्या सीटखाली स्प्रिंगा आहेत. मागच्याला शॉकअप नाही, काही नाही. खड्ड्याचा सगळा मार दोन बोल्टांवरून थेट पत्र्यावर. लष्कराचा निरोप्या एकटाच जायचा, मागे कॅरियर आणि बाजूंना पिशव्या.

सीट नागपूरच्या मोमिनपुऱ्यातल्या एका कारागिराकडून करून घेतली. पत्र्याचा तळ, फोम, वर खाकी कॅनव्हास, २,८०० रुपये. बाहेरून मागवली असती तर टपाल आणि कस्टम धरून चौपट गेले असते. रेक्झिन मुद्दाम टाळलं, आपल्याकडच्या मे महिन्यात काळ्या रेक्झिनवर हात ठेवून पाहा. शिलाईचा एक टाका अजून उसवलेला नाही.

रामटेकनंतर दोन महिने मी याच सीटला नावं ठेवत होतो. स्प्रिंगवालीच घ्यायला हवी होती, असं मित्रांनाही सांगितलं. ते चुकलंच. एकाची स्प्रिंगवाली सीट पंधरा दिवस लावून पाहिली. बायको एका बाजूला पाय सोडून बसते, त्यामुळे डावीकडची स्प्रिंग दबते, उजवीकडची उठते आणि प्रत्येक खड्ड्यात तोल जातो. ती परत केली.

खरा दोष बोल्टचा होता. माझ्या डब्यातले जुने ५/१६ इंची बीएसएफ (जुन्या ब्रिटिश मापाचे) नट तळाला वेल्ड केले होते. बसवणाऱ्या मिस्त्रीने खालून घातले एम-८, म्हणजे ८ मिलिमीटरचे मेट्रिक बोल्ट. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे हातात घेतल्यावर दोन्ही सारखेच वाटतात. पण बीएसएफला इंचात २२ आटे, एम-८ ला वीसच्या जवळपास, आणि आट्यांचा कोनही वेगळा, ५५ अंश आणि ६० अंश. असा बोल्ट दोन-तीन आटे घेतो आणि अडकतो. पान्याला वाटतं, घट्ट झाला. मी शंका काढली तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, बसला ना बोल्ट, आता काहून खोलता?" मी ऐकलं. प्रत्यक्षात सीट पत्र्यावर दाबलेलीच नव्हती, नुसती लटकली होती, आणि दीड महिना पत्र्यावर आपटत होती. दहा रुपयांच्या बोल्टने ऐंशी वर्षांचा पत्रा फाडला.

आता वेल्ड केलेले नट काढून टाकले आहेत. सीटच्या तळाला पुढे-मागे कान, म्हणजे बोल्टसाठी बाहेर आलेल्या पट्ट्या, काढले. बोल्ट खालून, नट वर, डोळ्यांना दिसेल असा. बोल्टचं डोकं चपटं गोल घेतलं, कारण रिजिड गाडीत मडगार्ड टायरच्या अगदी जवळ असतो. तडा पितळेने भरून घेतला. आतून मडगार्डच्या गोलाईची ३ मिलिमीटरची लोखंडी पत्ती टाकली आणि ती दोन्ही स्टेंना, म्हणजे मडगार्डला धरून ठेवणाऱ्या दांड्यांना, धरली, म्हणजे भार पत्र्यावर न येता स्टेंवर जातो. मजुरीसकट ९५० रुपये. मूळ फ्रेमला एकही भोक पाडलं नाही. सीट अर्धा इंच मागे घेतली, नाहीतर माझ्या सीटच्या स्प्रिंगा दबल्या की तिच्या कडेला घासायच्या. याहून मागे नको. माणूस ॲक्सलच्या मागे गेला की पुढचं चाक हलकं होतं.

साडीगार्डवर कंजुषी करू नका. चेन डावीकडे आहे आणि आपल्याकडे बायका डावीकडेच पाय सोडून बसतात. मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमातही मागच्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि निम्म्या चाकाला आच्छादन सांगितलं आहे. जुन्या गाड्यांना मिळणारा व्हीए मालिकेचा व्हिंटेज नोंदणी नंबर मी घेतला नाही: २०,००० रुपये फी आणि रोजच्या वापराला मनाई. मला बायकोला मागे बसवून बाजारात जायचं आहे.

नटावर आणि कानावर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे. नट हलला की रेघ तुटलेली दिसते. मागच्या रविवारी पुन्हा रामटेकला जाऊन आलो, कन्हान ओलांडेपर्यंत दोघंही न बोलता कान देऊन बसलो होतो. घरी आल्यावर टॉर्च लावून पाहिलं. रेघ जिथल्या तिथे होती.