गूगल स्कॉलर: वीस वर्षांच्या वापरानंतर

मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ई अँड टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला) शिकवते, विषय वायरलेस नेटवर्क. व्हॉट्सअ‍ॅपच्या खालोखाल मी काही उघडत असेन तर ते गूगल स्कॉलर, म्हणजे शोधनिबंध (आमच्या भाषेत ‘पेपर’) शोधायचं गूगलचं साधन. फुकट मिळणाऱ्या गोष्टीबद्दल एरवी कोण लिहायला बसतं? पण यंदा अप्रेझलच्या फॉर्मात ‘एच-इंडेक्स (गूगल स्कॉलरप्रमाणे)’ असा रकाना आला, म्हणजे आमच्या पेपरांचे इतरांनी किती दाखले दिले त्यावरून काढलेला आकडा, आणि स्टाफरूममध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

आधी कौतुक. जयकर ग्रंथालयात बांधीव अंक चाळून पेपर शोधायचा, मग झेरॉक्ससाठी थांबायचं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच २००४ साली काय हाती आलं ते कळेल. आपल्याच आयआयटी खरगपूरचे अनुराग आचार्य आणि त्यांचे सहकारी अलेक्स वर्स्टाक यांनी गूगलमध्ये हे उभं केलं. कॉलेजची जर्नलांची वर्गणी फक्त कॉलेजच्या नेटवर्कवर चालते, त्यामुळे रात्री घरी बसल्यावर उजवीकडे दिसणारी ती ‘पीडीएफ’ची लिंक म्हणजे लॉटरीच. लेखकानं स्वतःच्या पानावर ठेवलेली प्रत बऱ्याचदा तिथे सापडते.

पण खरी चीज आहे ती ‘साइटेड बाय’, म्हणजे एखाद्या पेपरचा दाखला पुढे कुणी कुणी दिला त्याची यादी. वायफायच्या गर्दीचं गणित मांडणारा जुझेप्पे बियांकी यांचा मार्च २००० मधला पेपर घ्या. सदाशिव पेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये फोनवर सतरा वायफाय दिसतात, आणि संध्याकाळी सगळ्यांचंच रखडतं. दोघं एकदम बोलायला लागले की ‘तू बोल’, ‘नाही, तूच बोल’ होतं ना, वायफायचंही तसंच. प्रत्येक यंत्र मनाशी एक आकडा धरून तेवढं थांबतं. धडक झाली की थांबण्याची कमाल मुदत दुप्पट, अशी १०२४ खाचांपर्यंत (खाच म्हणजे वेळेचा एक ठरावीक छोटा तुकडा). बियांकी एक गोष्ट धरून चालले: यंत्र आधी कितीही वेळा धडकलेलं असो, पुढच्या धडकेची शक्यता तेवढीच. एवढ्या एका गृहीतकावर सगळं गणित सुटसुटीत झालं. माझ्या मते आमच्या क्षेत्रातली ती सर्वांत देखणी थाप आहे, आणि ती लागू पडते!

या पेपरचा दाखला देणारे हजारो पेपर आहेत. ते कुणी वाचायचे? यादीच्या वर एक छोटा चौकोन असतो, ‘दाखला देणाऱ्यांतच शोधा’ अशा अर्थाचा. तो माझ्या कितीतरी सहकाऱ्यांनी आजवर पाहिलेलाच नाही. बियांकींच्या गणितात प्रत्येक यंत्राकडे सदैव पाठवायला काहीतरी असतंच. माझ्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला हे नसेल तर काय होतं ते हवं होतं. चौकोनावर टिक केली, दोन शब्द टाकले, आणि संध्याकाळी चहाबरोबर वाचून होईल एवढी यादी उरली. एका माणसाच्या विचाराचं पुढे कुणी काय केलं, कुणी गृहीतक मोडलं, कुणी नुसतं नमस्कार करून पुढे गेलं, हे असं फुकटात बघायला मिळतं.

त्याच मार्च २००० मध्ये गुप्ता आणि पी. आर. कुमार यांचाही पेपर आला होता. विखुरलेल्या वायरलेस जाळ्यात नोड (जोडलेली यंत्रं) चौपट झाले की प्रत्येकाच्या वाट्याचा वेग निम्म्याहूनही खाली जातो, असा त्याचा निष्कर्ष. तोही असाच खोदून पाहा.

आता तो रकाना. एच-इंडेक्स २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवला. माझा ६, म्हणजे किमान सहा दाखले मिळालेले माझे सहा पेपर. ज्यानं आयुष्यात तीनच पेपर लिहिले आणि तिन्हींवर जग चाललं, त्याचा ३. आमच्या फॉर्मनुसार मी वरचढ. शिवाय स्कॉलर स्वतःचे दाखले वजा करत नाही. स्कोपस या शोधनिबंधांच्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ती सोय आहे. मी हातानं वजा करून पाहिलं तर ६ चे ४ झाले. उरलेल्या दाखल्यांत निम्मे माझ्या विद्यार्थ्यांचे. घरचंच लग्न, घरचेच वऱ्हाडी. थिसिस, प्रीप्रिंट (छापून येण्याआधीची प्रत) असं सगळंच मोजलं जात असल्यानं इथला आकडा स्कोपसपेक्षा सहसा फुगलेलाच असतो.

आणि नॉर्मन अब्रामसन? त्यांनी १९७० मध्ये हवाईतल्या बेटांसाठी अलोहा ही रेडिओवरून डेटा पाठवायची पद्धत मांडली. हवं तेव्हा पाठवा, धडकलं तर थांबून पुन्हा पाठवा. फार झालं तर जेमतेम १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. वेळेच्या खाचा पाडल्या तर ३७ टक्क्यांच्या आसपास. तुमचा फोरजी फोन चालू होताच टॉवरला जी पहिली हाक मारतो, ती आजही या खाचांच्या अलोहाच्याच पद्धतीनं. त्या हाकेला कोण सायटेशन देणार?

शोधासाठी पाचपैकी पाच. स्कॉलरवरच्या स्वतःच्या प्रोफाइलमधल्या आकड्यासाठी दोन, तेही दरवर्षीचा आलेख बरा दिसतो म्हणून. प्रोफाइल करणार असाल तर पेपर आपोआप जोडायची सेटिंग बंद ठेवा. पुण्यात ‘एस. जोशी’ किती आहेत ते मी सांगायला नको.

फॉर्मात मी ६ च लिहिले. परवा नव्या दाखल्याची मेल आली, पहिल्यांदाच अगदी अनोळखी माणसाकडून. हावरटासारखी पीडीएफ उघडली. प्रस्तावनेच्या दुसऱ्याच वाक्याला, संदर्भ क्रमांक १४ ते १९ अशा जुडीत, आमचा पेपर सोळावा.