अकरा महिने, नऊ हजार मैल: एफ-१५० मध्ये कमिन्स ४बीटी

माझी १९८६ ची फोर्ड एफ-१५० पिकअप ऑइल प्यायला लागली तेव्हा सगळे म्हणाले, आहे तेच ४.९ लिटरचं पेट्रोल इंजिन रीबोअर कर. मी ब्रेडच्या जुन्या डिलिव्हरी व्हॅनमधून उतरवलेलं ४बीटी, म्हणजे कमिन्सचं डिझेल इंजिन, घरी आणलं. लहानपण पुण्यात कोथरूडला, कमिन्सच्या कारखान्याच्या भिंतीलगत गेलेलं. टेक्सासात येऊनही तो कमिन्सचा रोग गेला नाही.

चार सिलिंडर, ३.९ लिटर, १०५ हॉर्सपॉवर. वजन साधारण ३४० किलो, म्हणजे पुढच्या चाकांवर जुन्या इंजिनापेक्षा शंभराहून अधिक किलो जादा. या गाडीला पुढे ट्विन आय-बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं आपापल्या झुलत्या दांड्यावर. नाक बसलं की चाकं वरून आत झुकतात. जुन्या स्प्रिंगवर तीन महिने चालवली आणि दोन्ही टायर आतल्या कडेने तारेपर्यंत खाल्ले. जास्त वजनाच्या एफ-२५० च्या स्प्रिंग आणि चाकांचा झुकाव सरळ करणारे कॅम्बरचे बुश टाकले तेव्हा कुठे थांबलं. हे पहिल्या दिवशीच करायचं काम होतं.

व्हायब्रेशनचं काय सांगू? या इंजिनाला थरथर मारणारा बॅलन्स शाफ्टच नाही. आयडलला आरसा दिसतो, आरशातलं काही दिसत नाही. गॅरेजवाल्याने इंजिनाखाली कडक पॉलियुरेथेनची फाउंडेशन (माउंट) बसवली होती. दुसऱ्या महिन्यात रेडिएटरचा ब्रॅकेट तडकला. आता रबरी आहेत, तरी बायको म्हणते, विहिरीवरच्या इंजिनावर बसल्यासारखं वाटतं.

डिझेल इंजिनातून पेट्रोलसारखा व्हॅक्यूम मिळत नाही, त्यामुळे ब्रेक बूस्टरसाठी वेगळा पंप लावावा लागला. टायमिंग केसमधली ती कुप्रसिद्ध छोटी पिन मात्र इंजिन बसवण्याआधीच पट्टी मारून अडवली. ती सुटून गिअरमध्ये पडली तर इंजिन संपलं.

गिअरबॉक्स डॉजच्या ट्रकमधला एनव्ही४५००. ब्लॉकची मागची बाजू डॉजमधल्या कमिन्सच्या सहा सिलिंडरच्या ५.९ लिटर इंजिनासारखीच, म्हणून डॉजचीच ॲडॅप्टर प्लेट बसली. ३.५५ च्या डिफरन्शियलवर पाचव्यात ताशी ६५ मैलांना हिशेबाने जेमतेम १,९५० आरपीएम. तिथे इंजिन शांत होतं, हा भाग मला फार आवडतो.

ताकद वाढेल म्हणून कोणी करत असेल तर थांबा. जुन्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क कागदावर जवळपास इतकाच होता. फरक मायलेजमध्ये: लिटरला सहा किलोमीटर होते, आता दहा. खर्च सात हजार डॉलर झाला आणि इथे डिझेल पेट्रोलपेक्षा महाग, तेव्हा पैसे वसूल व्हायला गाडीने मला पुरून उरायला हवं.

टॅकोमीटर अजून जोडलेला नाही. तो स्पार्कवर चालायचा, आता काटा शून्यावर पडून असतो. गिअर कानाने टाकतो.