सरकारी रुग्णालयातलं क्लबफूट क्लिनिक: आमचा अनुभव

लेकीचे दोन्ही पाय जन्मतःच आत वळलेले. कुणी मालिश सुचवलं, एका खासगी डॉक्टरांनी थेट मोठं ऑपरेशन. शेवटी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेलो आणि तिथल्या कामाला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

उपचार पोन्सेटी पद्धतीचे, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी विकसित केलेले. दर आठवड्याला पाय थोडाथोडा वळवून बोटांपासून मांडीपर्यंत प्लॅस्टर. डॉक्टर घोट्यापुढचं हाड अंगठ्याने अलगद दाबून धरायचे, मी लेकीला पाजत असायचे. ती रडायचीही नाही. शेवटी जागा बधिर करून टाचेमागचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बारीकशा छेदातून कापला. टाकासुद्धा नाही! मग 3 आठवडे प्लॅस्टर; तेवढ्यात कंडरा लांब होऊन जुळतो.

खरी कसोटी पट्टीच्या बुटांची, म्हणजे आडव्या पट्टीने एकमेकांना जोडलेल्या बुटांची. पहिले 3 महिने दिवसाचे 23 तास, पुढे चारेक वर्षांची होईपर्यंत झोपेत. कंटाळून सोडले तर पाय पुन्हा वळतो, हे तिथल्या ताई प्रत्येक आईला बजावतात, फोन करूनही विचारतात.

गर्दी भरपूर, बाकडी अपुरी. सकाळी लवकर जा, प्लॅस्टर भिजवून काढायलाच बराच वेळ लागतो. आणि बाळ लहान असतानाच न्या.