नवी पेठेतलं केबल रिपेरिंग: नवीन घ्यायला निघालो होतो, जुन्याच नीट करून आणल्या

आमच्याकडे वडिलांचा जुना स्टीरिओ अॅम्प्लिफायर आहे, सोबत टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं), कॅसेट डेक आणि दोन मोठे स्पीकर. गेले सहा-सात महिने डावा स्पीकर मधेच गप्प व्हायचा, अॅम्प्लिफायरच्या मागची केबलची पिन जरा दाबली की परत चालू. शिवाय टर्नटेबल लावलं की एकसारखी घुंई. ऑनलाइन चार हजाराचा केबल सेट कार्टमध्ये टाकूनही ठेवला होता, पण मित्र म्हणाला आधी आपल्या सोलापूरच्या नवी पेठेत दाखवून ये. गल्लीत आत गेलं की रेडिओ-टीव्ही रिपेरिंगचं एक बोळकांडीएवढं दुकान आहे, बाहेर पाटी वगैरे काही नाही, मंडपवाल्यांच्या माईकच्या वायरींचा ढीग दिसला की समजायचं आलं.

काकांनी आधी विचारलं काय की, "नवीन कशाला घेताय ओ, हिला झालंय काय ते तर बघू." मल्टीमीटर बीपवर लावला (वायर अखंड असली की वाजतो), केबलची दोन्ही टोकं पकडली आणि वायर पिनेच्या मानेपाशी हलवली तर बीप तुटत तुटत यायला लागली. वायर मधे सहसा तुटत नाही म्हणे, तुटते ती पिनेपासच्या शेवटच्या दोन-तीन सेंटीमीटरात, कारण आपण पिन काढताना वायरला धरून ओढतो. मी पण इतकी वर्षं तसंच ओढत होतो, पिनेला धरून काढायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता त्या केबलच्या पिना ओतीव प्लास्टिकच्या होत्या, त्या उघडत नाहीत, म्हणून टोकं कापून चारी ठिकाणी स्क्रूच्या मेटल पिना लावल्या. हे काम मी स्टूलवर बसून पूर्ण बघितलं. बाहेरची जाळी सोडवून एका बाजूला पीळ देऊन घेतली, आतली तार वेगळी केली, स्लीव्ह आधीच वायरीत ओवून ठेवली (घरी करताना हे हमखास विसरतं) आणि सोल्डर मारताना गन दोन-तीन सेकंदाच्या वर टेकवली नाही, कारण जास्त तापलं तर आतल्या तारेवरचं पॉलिथीनचं कव्हर वितळून तार जाळीला चिकटते. सोल्डर ६३-३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) वापरतात, ते १८३ डिग्रीला एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, मधे लापशीसारखं राहत नाही, त्यामुळे हात जरा हलला तरी जोड कच्चा राहायची भीती कमी. शेवटी पिनेचा पत्रा वायरीच्या कव्हरवर दाबून बसवला, म्हणजे ओढ जोडावर येत नाही. माझ्या मते सगळं काम या दाबलेल्या पत्र्यातच आहे.

टर्नटेबलच्या घुंईचं कारण तर अजून साधं निघालं, अर्थच्या बारीक वायरीचं टोकाचं चिमटं तुटलेलं होतं. नवीन लावून घरी अॅम्पच्या मागच्या स्क्रूला आवळलं आणि आवाज गेला. मला टर्नटेबल खिडकीपाशी न्यायचं होतं म्हणून तीन मीटरची केबल करून द्या म्हणालो, त्याला काकांनी सरळ नाही म्हटलं. ते वापरतात त्या कोअॅक्सला (मधे तार, भोवती जाळी अशी केबल) मीटरमागे जवळपास ६७ पिकोफॅरड कपॅसिटन्स, म्हणजे विजेचा भार साठवायचा गुण, असतो, तीन मीटरचे २०० नुसते केबलचेच होतात, आणि आमच्यासारख्या मूव्हिंग मॅग्नेट पिकअपला (सुईसोबत बारीक मॅग्नेट हलतो तो) बऱ्याचदा सगळं मिळून १०० ते २०० च्या आसपासच पाहिजे असतं, त्याच्या वर गेलं की वरच्या पट्टीतला आवाज बिघडतो. मग टर्नटेबल अॅम्पच्या शेजारीच आणलं, केबल एक मीटरचीच ठेवली.

स्पीकरच्या वायरीची गोष्ट सांगतो कारण इथे बरेच जण फसतात. मी मागं ऑनलाइन शुद्ध तांबं म्हणून घेतलेली पारदर्शक वायर, काकांनी टोक ब्लेडनं खरवडलं तर आतून पांढरी, म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीच्या वर, आणि तार वाकवली की लवकर तुटते. त्यांनी सांगितलं हार्डवेअरच्या दुकानातून घराच्या फिटिंगची दीड स्क्वेअर एमएम तांब्याची वायर घ्या, लाल आणि काळी, आणि दोन्हींना पीळ द्या. लांबचा स्पीकर सहा मीटरवर, जाऊन येऊन बारा मीटर, त्याचा रेझिस्टन्स साधारण ०.१४ ओहम येतो, आठ ओहमच्या स्पीकरला काहीच नाही. आधीची बारीक वायर हिशेबानं अर्ध्या ओहमच्या वर जात होती. आणि स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर मारायचं नाही, ते दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू ढिला पडतो, तिथं फेरूल, म्हणजे टोकावर बसवायची धातूची छोटी नळी, दाबून लावायचं.

आम्ही अशोक चौकाच्या बाजूला राहतो, आसपास टॉवेलचे लूम, घरात कापसाची तूस येतेच, ती सॉकेटमध्ये बसते आणि पिनांवर काळपट थर धरतो. मी पॉलिश पेपर मारायचा विचार करत होतो, काका ओरडलेच. वरचा मुलामा गेला की खालचा धातू अजून लवकर काळा पडतो. सगळं बंद करून, प्लग काढून, इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं, वाळू द्यायचं, आणि सहा महिन्यांतून एकदा प्रत्येक पिन काढून फिरवत परत बसवायची. सोनेरी पिनेचा फायदा म्हणजे ती काळी पडत नाही, आवाज त्यानं गोड होत नाही, हे पिना विकणाऱ्या माणसानंच सांगितलं म्हणून मला जास्त पटलं.

पैसे: चार पिनांचे २४०, मजुरी २००, अर्थच्या टोकाचे घेतलेच नाहीत. स्पीकरची वायर मी वेगळी आणली.

आता तक्रारी. उद्या या म्हणाले आणि चौथ्या दिवशी मिळालं, बिल देत नाहीत, फोन उचलत नाहीत. चारी पिना काळ्याच लावल्या, डावी-उजवी कळायची सोय नाही, घरी येऊन मीटर लावून लाल स्लीव्ह मलाच चढवावी लागली. तर आधीच सांगा रंग वेगळे पाहिजेत म्हणून. गणपतीच्या आधी पंधरा दिवस आणि गड्ड्याच्या यात्रेत तर जाऊच नका, मंडपवाल्यांचीच कामं सुरू असतात. गाडी बाहेर मेन रोडला लावून चालत जा.

डावा स्पीकर त्यानंतर दोन महिने एकदाही गेला नाही. कॅसेट डेकला मागं पाच पिनांचा गोल डिन सॉकेट आहे, त्याची केबल बाजारात मिळेना, ती पण करून देतो म्हणालेत, तीन आणि पाच नंबरवर डावा-उजवा आवाज, दोनवर जाळी. मंगळवारी आणायला जायचंय, यावेळी लाल पिना सांगून आलोय.